कागद, कामटी आणि खळ

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पाण्यात कुलाब्याचा किल्ला दिसतो. दक्षिणेकडे चालत गेलो तर रेवदंड्याची तटबंदी लागते, खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला, आणि आणखी खाली मुरूडजवळ भर समुद्रात जंजिरा. या किनाऱ्याचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा याच क्रमाने बोलत जातो. दगड टिकला, म्हणून दगडाचा इतिहास झाला. पण याच किल्ल्यांच्या आसपासच्या घरांत दर वर्षी असंख्य हातांनी काही वस्तू घडत आल्या, आणि त्या आठ-पंधरा दिवसांपलीकडे टिकाव्यात अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. दिवाळीचा आकाशकंदील घ्या, गणपतीचे मखर घ्या, संक्रांतीचे हलव्याचे दागिने घ्या, नाहीतर मुंबईच्या चाकरमान्याला पाकिटातून धाडलेले आपट्याचे पान घ्या. यांचा इतिहास कुठे शोधायचा? दप्तरात तर तो नाही. ज्यांनी या वस्तू केल्या त्या आजीबाईंची, सुनांची, पोरांची नावे कोणत्याही बखरीत सापडायची नाहीत.

मला वाटते, हा इतिहास धरायचा तर आधी कागदाचे बोट धरावे लागेल. आज रद्दीवाला दारात येतो आणि आपण किलोवर कागद घालतो, म्हणून कागद ही एके काळी केवढी जपून वापरायची चीज होती हे ध्यानात येत नाही. चीनच्या दरबारातल्या त्साइ लुन नावाच्या अधिकाऱ्याने इ. स. १०५ च्या सुमारास कागद करण्याची रीत बादशहापुढे मांडली, असे परंपरा सांगते. तिथून ती विद्या मध्य आशियातून फिरत फिरत हिंदुस्थानात आली. आपल्याकडे कागदाची नावाजलेली ठिकाणे सगळी घाटमाथ्यावरची. दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवरचे कागजीपुरा, तसेच जुन्नर. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा त्या धंद्याचे नाव अजून सांभाळून आहे.

हा कागद होई कसा? जुने दोर, गोणपाट, चिंध्या असा तागाचा माल चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, कुटायचा, नदीवर धुवायचा, पुन्हा कुटायचा. मग हौदातल्या पाण्यात तो लगदा ढवळून, बारीक काड्यांच्या जाळीवर एकेक ताव उचलायचा. ताव भिंतीला चिकटवून वाळवायचे, त्यांना खळ लावायची, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचे. शाळेत हस्तकलेच्या तासाला आपण जो ‘घोटीव कागद’ आणतो, त्याच्या नावात ही घोटणी अजून शिल्लक आहे. भिंतीवर ताव सुकवायचे तर हवा कोरडी हवी. चार महिने धो धो पाऊस आणि बाकीचे आठ महिने खारा दमट वारा, अशा कोकणपट्टीने हा कागद घाट उतरून आणावा हेच सोयीचे होते. असा विकत आणलेला कागद कारकुनाच्या हाती जायचा. पोरांनी कात्रीने कापायला तो कोण देणार?

कोकणात हाताने केलेला कागदी पत्ता मुळीच नव्हता असे मात्र नाही. दक्षिणेला सावंतवाडीला गंजिफा होत असत. गोल आकाराचे, चिंचोक्याच्या खळीने कडक केलेले, वर रंग आणि लाख चढवलेले ते पत्ते. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पत्ते असतात. पण ते काम चिताऱ्याचे आणि त्याला आश्रय दरबाराचा. सामान्य घरात सणाची कलाकुसर चालायची ती अंगणात मिळेल त्या वस्तूंवर: आंब्याचे डहाळे, तेरड्याची गौर, तांदळाच्या पिठाचे लेखन, नागपंचमीला भिंतीवर किंवा पाटावर काढलेले नाग. कार्तिकात उंच बांबूवर आकाशदिवा टांगण्याची रीत फार जुनी आहे, धर्मग्रंथांतही तिचा उल्लेख येतो. आपल्या ओळखीचा रंगीत कागदाचा कंदील हा त्या मानाने अलीकडचा पाहुणा.

त्याला घरात आणले ते यंत्राने. फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याने १७९८ च्या सुमारास कागदाचे सलग यंत्र काढले, आणि १८४० नंतरच्या दशकांत लाकडाच्या लगद्यापासून कागद होऊ लागला. चिंध्यांची अट सुटली, कागद स्वस्त झाला. पातळ रंगीत कागद मुंबईच्या बाजारात आला, आणि मुंबईच्या बाजारात आलेली वस्तू रेवस-धरमतरच्या बोटीने आपल्या किनाऱ्याला लागायला वेळ लागत नसे. पतंगाला लागतो तोच हा पतंगी कागद. बांबू परसात होताच. खळ चुलीवर होत होती. तिन्ही एकत्र आले आणि घरोघर कारखाना सुरू झाला!

आता हा कंदील करतात कसा, ते सांगतो. वाळलेल्या बांबूच्या सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या तासून घ्या. चार-चारांचे सहा चौकोन बांधा. मग चौकोनाच्या कोपऱ्याला दुसऱ्या चौकोनाचा कोपरा बांधत गेले की मधल्या मोकळ्या जागी आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. भूमिती न शिकलेल्या माणसांनीही हे बिनचूक केले आहे. चौकोनांना एक रंग, त्रिकोणांना दुसरा, खाली झिरमिळ्या. खळ कणकेची किंवा मैद्याची, पातळ शिजवलेली. किडा लागू नये म्हणून पूर्वी तीत चिमूटभर मोरचूद घालत, पण ते विषारी असते, पोरांच्या हाती देऊ नये. किनाऱ्यावरच्या माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. सकाळच्या दमट हवेत लावलेला कागद सैल पडतो, म्हणून चिकटवायचे काम भर दुपारच्या उन्हात करायचे. वाळला की तो ढोलासारखा ताणून बसतो.

आणि गंमत बघा, ही कामटी-कागदाची विद्या कुठल्या एका धर्माची राहिली नाही. ख्रिस्ती घरांत नाताळची पाच टोकांची चांदणी होते ती याच कामट्यांची. पोर्तुगीजांचा अंमल १७४० मध्ये इथून उठला, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेपासून निघालेली बोली अजून बोलली जाते. तिथल्या आणि आपल्या घरातल्या सणांची नावे वेगळी, गाठ मारायची रीत मात्र एकच. मोहरमचा ताबूत पाहा, तिथेही बांबूचा सांगाडा, रंगीत कागद आणि बेगड. ज्याला कंदील बांधता येतो त्याला ही कामे परकी वाटायची नाहीत.

पण स्वस्त कागदाने एका हाताने दिले तसे दुसऱ्या हाताने काही नेलेही. श्रावणात घरोघर भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. नरसिंह, कालियामर्दन, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. मुलाबाळांच्या आयुष्यासाठी आईने करायची ही पूजा. छपाई घरोघर पोचण्याआधी असे पूजेचे चित्र म्हणजे हाताचेच लेखन. पुढे शिळाप्रेस आला. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली, मुंबईत १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना निघाला, आणि देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर गेली. जिवतीही छापील झाली. चित्र सुबक झाले यात शंका नाही. पण ज्या घरात चार बोटे रेघ ओढायला शिकत होती, तिथे आता बाजारातून कागद आणायचा आणि खिळ्याला लावायचा, एवढेच काम उरले.

म्हणजे एकाच शतकात यंत्राच्या कागदाने एक कला घरात आणली आणि दुसरी घराबाहेर घालवली. असे का व्हावे? माझे उत्तर असे आहे. जिथे वस्तू नुसती पाहायची किंवा पुजायची होती तिथे छापील वस्तू जिंकली. जिथे ती करण्यातच सण होता, म्हणजे बापाने कामट्या तासायच्या, आईने खळ शिजवायची आणि पोरांनी हात बरबटून घ्यायचे, तिथे घरची वस्तू टिकली. हलव्याचे दागिने हे दुसरे उदाहरण. मंद निखाऱ्यावर परात ठेवून तिळावर थेंब थेंब पाक चढवायचा, तो हाताने फिरवत राहायचा, आणि थंडी असेल तरच त्याला काटा येतो. म्हणून पौषातल्या पहाटे बायका उठत. मग ते दाणे दोऱ्याने गुंफून, पुठ्ठ्याच्या नक्षीवर आणि बेगडावर बसवून, नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या लेकराला घालायचे. ही मेहनत कशासाठी? माहेरवाशिणीला, सुनेला, नातवाला ‘तू आमची’ असे सांगण्यासाठी.

हेच सांगणे दूर राहणाऱ्याला कसे पोचवायचे? मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि कोकणातला कर्ता पुरुष बोटीत बसू लागला. पावसाळ्यात बोटी बंद, मग भेट नाही. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, आणि किनाऱ्यावरच्या घराला पहिल्यांदा परवडणारी भेट मिळाली. विलायतेत छापील नाताळकार्ड १८४३ मध्येच निघाले होते, हेन्री कोल या गृहस्थाने ते काढून घेतले. आपल्या घरांना तसल्या कार्डाची गरज पडली नाही. कार्डाच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचे बोट लावले की शुभवार्ता समजायची. कोपरा फाटका असला की वाचण्याआधीच घरात रडे. दसऱ्याला पाकिटात आपट्याचे पान, संक्रांतीला हलव्याचे चार दाणे. लिहिता न येणाऱ्या बाईलाही कुंकवाचे बोट उठवता येत होते, आणि तिकडे खोलीत बसलेला गडी ते बोट ओळखत होता. घरच्या भेटकार्डाचा आपल्याकडचा उगम मी तरी इथेच मानतो.

पुढे देशाच्या चळवळीत कागदाकडे पुन्हा लक्ष गेले. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हातकागदाला नवा जीव मिळाला. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था निघाली. १९३७ च्या वर्धा योजनेने हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागी बसवले, तर १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. घरातली कात्री आणि खळ अशी शाळेच्या तासाला जाऊन बसली. हे चांगलेच झाले. पण शाळेत गुण मिळतात, आणि गुण मिळाले की वस्तू कपाटात जाते. घरात तीच वस्तू दारात टांगली जाते, हा फरक विसरू नये.

आमच्या जिल्ह्यात याच घरकामाचा एका गावाने मोठा उद्योग केला. पेण आणि त्याच्या आसपासची हमरापूर, जोहे ही गावे गणपतीच्या मूर्तींसाठी देशोदेशी ठाऊक आहेत. पडवीत बसून शाडूला आकार देणे हे घरचेच काम होते. १८९३ पासून लोकमान्यांनी सार्वजनिक उत्सवाला जोर दिला तशी मागणी वाढत गेली. मग प्लास्टर ऑफ पॅरिस आले, आणि त्याबरोबर पाण्याच्या प्रदूषणाचा प्रश्नही आला. मखराचेही तेच झाले. कागदी मखर मागे पडले, तयार थर्माकोलचे आले, आणि विसर्जनानंतर ते पाण्याच्या कडेला पडून राहू लागले. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी घातली. तेव्हा लोकांना पुन्हा पुठ्ठा, कागद आणि कापड आठवले. आमच्या आज्या रद्दी भिजवून, कुटून, तीत मेथीचे पीठ मिसळून पाटीवर थापत आणि टोपल्या करीत. मेथीने लगदा चिकटून येतो आणि किडाही लागत नाही. जिला ही रीत ठाऊक होती तिला टाकाऊतून टिकाऊ शिकवायला व्याख्यात्याची गरज नव्हती.

शेवटी इतिहासाचा शिक्षक म्हणून एकच मागणे. यंदा घरात कंदील होईल, एखादे भेटकार्ड होईल, संक्रांतीला हलवा होईल. कार्डाच्या मागे, मखराच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, करणाऱ्याचे नाव, गाव आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवा. घरात कोणी वृद्ध बाई असतील तर त्यांनी कोणाकडून शिकले ते विचारा आणि तेही नाव लिहा. कंदील फाटेल, हलवा पोरे खाऊन टाकतील, ते तसेच व्हायला हवे. एखादे कार्ड मात्र ट्रंकेच्या तळाशी राहून जाते. शंभर वर्षांनी ते कोणाच्या हाती लागले, तर निदान त्याला ते कोणी केले हे विचारत बसावे लागणार नाही.