नकलेची शाळा



नक्कल हा शब्द आपल्याकडे हलका समजला जातो. परंतु चित्रकलेच्या इतिहासात नक्कल ही फार मोठी शाळा होऊन गेली. ज्यांना दुसऱ्या शाळेचे दार बंद होते, अशांनाही तिने शिकविले.

पॅरिसमधील लूव्र हा मुळात राजवाडा. राज्यक्रांतीनंतर, १० ऑगस्ट १७९३ रोजी, तो संग्रहालय म्हणून लोकांना खुला झाला. राजाच्या मालकीची चित्रे राष्ट्राची झाली आणि त्यांच्यासमोर बसून नकला करण्यासाठी चित्रकारांना दिवस राखून ठेवण्यात आले.

पुढे ज्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणू लागले, त्यांनी जुने सारे झुगारून दिले असा आपला समज असतो. तो खरा नव्हे. देगाने लूव्रमध्ये वर्षानुवर्षे नकला केल्या. बर्थ मोरिझो तेथेच नकला करीत शिकली. सरकारी कलाशाळेत तिला प्रवेशच नव्हता. ती शाळा स्त्रियांना १८९७ साली खुली झाली. मोरिझो १८९५ सालीच वारली होती.

याच मंडळींपैकी गुस्ताव्ह कायबॉत याने १८७५ साली एक चित्र काढले. रिकाम्या खोलीत तीन कामगार उघड्या अंगाने गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन तासीत आहेत. सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ते नाकारले. १८७६ साली इम्प्रेशनिस्टांच्या दुसऱ्या प्रदर्शनात ते लागले. १८९४ साली कायबॉत वारल्यावर त्याच्या वारसांनी ते सरकारला दिले. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

या चित्राचे एक छापील पान माझ्या हाती आले. माझी शाळा लहानपणीच सुटली. पुढचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. पन्नाशी उलटल्यावर, रात्री कचेरी रिकामी झाली की, मी त्या पानाची नक्कल करू लागलो.

पहिल्या खेपेस मी कामगारांचे दंड भरदार काढले, आमच्या मोर्च्याच्या फलकांवर असतात तसे. मूळ चित्राशी ताडून पाहिले, तर तेथले हात लांब आणि सडपातळ! जोर दंडात नाही; तो वाकलेल्या पाठीत आणि टेकलेल्या गुडघ्यांत आहे. उजेड मागच्या खिडकीतून येतो, म्हणून पाठी उजळतात व चेहरे सावलीत राहतात. मी पांढरा रंग थापीत गेलो, तो खडूसारखा दिसला. भोवतालची सावली नीट बसली, तेव्हा पाठीवर उजेड आला.

आणखी एक गोष्ट दिसली. उजवीकडच्या दोघांची डोकी एकमेकांकडे कलली आहेत. हातातले काम चालू आहे आणि बोलणेही. मित्रहो, संघटना सभेच्या मंचावर जन्मत नाही. ती अशा बोलण्यातून जन्मते. हे मला ठाऊक होते, तरी या चित्रात ते दिसायला मला कित्येक रात्री लागल्या.

कायबॉत श्रीमंत घरचा होता, हे मला प्रथम बोचले. मी मात्र तीस वर्षे ‘कामगार’ हा शब्द व्यासपीठावरून उच्चारीत आलो, आणि एका कामगाराच्या मनगटाकडे इतका वेळ कधी पाहिले नव्हते. आम्ही माणसे मोजली, पाहिली थोडीच.

माझी नक्कल कच्चीच आहे. लूव्रचा नियम असा की नक्कल मूळ चित्राच्या मापाची असता कामा नये, म्हणजे फसवणूक होत नाही. माझ्या नकलेने कोणी फसणार नाही. पण ती केल्यापासून गेटवर उभा राहिलो की मी आधी माणसांचे हात पाहतो, आणि भाषण मागाहून करतो.