आधी शिवार पाहिले, मग बिऱ्हाड आणले
(कळवण परिसरातील वसाहतीचा एक मागोवा)

गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की हे देऊळ मूळ कोणी बांधले, हा प्रश्न वडीलधाऱ्या मंडळींना हमखास विचारला जातो. त्याच्याही अगोदरचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ज्यांनी देऊळ बांधले ती माणसे येथे आली कोठून, आणि बायकापोरे, गुरेढोरे घेऊन येण्यापूर्वी त्यांनी हा मुलूख पाहिला होता काय? कळवण तालुक्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कारण या भागातील वस्ती एकदा झाली आणि कायम टिकली असे घडलेले नाही. येथील गावे वसली, उठली, आणि पुन्हा वसली.

जुन्या महसुली दप्तरांत ‘बेचिराग’ असा एक शब्द वारंवार येतो. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. गावाचे नाव कागदावर असते, शिवेचे दगड असतात, पांढरीत पडक्या भिंती असतात, कोठे रानात शेंदराचा थर चढलेला मारुतीही असतो; परंतु संध्याकाळी त्याच्यापुढे वात लावणारे कोणी नसते. असे गाव पुन्हा वसवायचे म्हणजे प्रथम कोणीतरी एकट्याने तेथे जाऊन ते पाहून यावे लागे. हे पाहून येणे म्हणजेच वसाहतीच्या इतिहासाचे पहिले पान होय.

कळवणचा प्रदेश हा प्राचीन बागलाणचा भाग. साल्हेर-मुल्हेरच्या बागूल राजांच्या अमलात हा मुलूख भरभराटीस आलेला होता. अकबराच्या काळातील ‘ऐने अकबरी’त बागलाणची वस्ती दाट असल्याचे नमूद असून येथील फळांमध्ये द्राक्षे व डाळिंबे यांचाही उल्लेख आहे. (आजच्या बागायतदारांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.) शहाजहानच्या काळातील ‘बादशाहनाम्या’त या राज्याचे ३४ परगणे व १००१ गावे सांगितली आहेत. १६३८ साली औरंगजेबाच्या फौजेने हे राज्य जिंकले. त्याच्या थोडे आधी, १६३० ते १६३२ या काळात, गुजरात व दख्खन यांना भयंकर दुष्काळाने गाठले होते. दुष्काळ आणि लढाई पाठोपाठ आली म्हणजे गावे कशी उठतात, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु बागूल राजांचे वैभव सांगताना एका समाजाचा विसर पडतो. तालुक्याच्या पश्चिम अंगाला, ज्याला लोक आजही डांग म्हणतात, तेथे कोकणा समाजाची वस्ती फार जुनी आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळात, म्हणजे १३९६ ते १४०७ या काळात, आपले पूर्वज कोकणातून सह्याद्रीचे घाट चढून वर आले, अशी या समाजाची परंपरागत समजूत असून जुन्या गॅझेटियरांनीही तिची नोंद घेतली आहे. उपासमारीने निघालेल्या माणसाला मुलूख निवडण्याची सवड कोठली, असे कोणी म्हणेल. पण डोंगरातली माणसे एकदम हलत नाहीत. घाटमाथ्यावर पाणी कोठे टिकते, नागली-वरई कोणत्या उताराला येते, कंदमुळे कोठे सापडतात, हे पाहणारा कोणी पुढे गेल्याशिवाय मागची चूल विझत नसे. भिल्ल व महादेव कोळी हेही या डोंगरांचे जुने रहिवासी. कळवणच्या इतिहासात सर्वांत आधी शिवार पाहिले ते या लोकांनी, हे येथेच नमूद करणे योग्य होय.

पूर्वेच्या, गिरणेकाठच्या सपाट भागातील वस्तीची रीत निराळी होती. ओसाड गाव वसवायचे तर सरकार कौल देई. कौलाबरोबर इस्तावा येई. म्हणजे पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे वर्षागणिक चढत जाऊन काही वर्षांनी पुरा. पुण्याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. आदिलशाही फौजेने जाळून ओसाड केलेला तो कसबा जिजाऊसाहेब व दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली पुन्हा वसला, त्या वेळी अशाच सवलती देण्यात आल्या आणि कसबा गणपतीचे देऊळ उभे राहिले. इकडे दख्खनच्या मोगली सुभ्यांत, औरंगजेब सुभेदार असताना, मुर्शिद कुलीखान या दिवाणाने ओसाड गावांना नवे पाटील नेमले आणि बी-बियाणे व बैलांसाठी तगाई वाटली. राजवटी भिन्न असल्या तरी कुणबी हा मुलखाचा पाया, हे दोघांनीही ओळखले होते.

कौल मिळाला तरी शहाणा कुणबी त्यावर विसंबून बिऱ्हाड हलवीत नसे. घरातील एखादा कर्ता भाऊ, सोबतीला एखादा सोयरा, असे दोघे-तिघे आधी निघत. खांद्यावर घोंगडी, फडक्यात भाकरी आणि मुक्कामाला कोणत्या तरी गावचे देऊळ. परक्या माणसाला रात्री पाठ टेकायला देऊळ किंवा चावडी यांवाचून तिसरी जागा नसे. संध्याकाळी पारावर गावची चार माणसे जमत. कोण, कुठले, कोणाचे, अशी विचारपूस होई. आणि पाहुणाही बोलता बोलता आपल्याला हवे ते काढून घेई. विहिरीला किती हातांवर पाणी लागते? पाटील कसा आहे? बलुतेदार पुरे आहेत की सुताराला शेजारच्या गावाहून आणावे लागते? सावकार एक आहे की दोन? देवळाच्या ओसरीवर एका रात्रीत जेवढा मुलूख कळे, तेवढा दिवसभर पायपीट करूनही कळत नसे.

दुसऱ्या दिवशी शिवाराची पाहणी. काळी जमीन भेगाळते किती, नदीकाठचा पोयटा पुराने वाहून जातो की वाढतो, मुरमाड बरडावर बाजरी तरी धरते काय, हे पायाखाली माती तुडवून पाहावयाचे. पाण्याची परीक्षा झाडांवरून. उंबर, जांभूळ उन्हाळ्यात हिरवे असले की खाली झरा असावा, हा शेतकऱ्याचा आडाखा. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त झाडे व वारुळे यांवरून भूजल ओळखण्याचे एक संपूर्ण प्रकरणच लिहिले आहे. त्या ग्रंथाचे नावही न ऐकलेला कुणबी तीच विद्या वाडवडिलांकडून शिकला होता.

पाहणीचा काळही महत्त्वाचा. श्रावणात कोणतेही शिवार गोजिरवाणेच दिसते. जमीन पाहावी ती चैत्र-वैशाखात. आणि येथे कळवण परिसराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. आदिशक्ती सप्तशृंगीचा गड याच तालुक्यात असून तिची मोठी यात्रा रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत भरते. खानदेशातून हजारो भाविक पायी येतात. त्यांच्या वाटा देवळा, कळवण, नांदुरी अशा याच शिवारांतून जातात. म्हणजे ज्या दिवसांत नदीनाल्यांचे खरे रूप उघडे पडते, नेमक्या त्याच दिवसांत पूर्वेकडील शेतकरी ही जमीन पायाखालून घालीत असे. आपल्या गावी नदी कोरडी पडलेली आणि येथे गिरणेच्या डोहांत पाणी, बंधाऱ्याच्या पाटाखाली हिरवा ऊस. हे पाहून कित्येकांच्या मनात विचार आला असेल. नवस देवीचा, पाय यात्रेचे आणि डोळे मात्र कुणब्याचे! गिरणाकाठच्या वस्तीत या यात्रेचा वाटा मोठा असावा, असे मानण्यास जागा आहे.

बंधाऱ्यांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गिरणा, आरम, मोसम व पांझरा यांच्या खोऱ्यांत नदीला दगडी बंधारा घालून पाटाने पाणी फिरविण्याची फड पद्धत कित्येक शतके चालत आली. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाटकऱ्याने ठरल्या पाळीने पाणी द्यावयाचे. अशा गावी येणाऱ्याने केवळ माती पाहून भागत नसे. तेथील माणसे एकमेकांचे पाणी तोडतात की जपतात, हेही पाहावे लागे.

पाहणी करूनही फसगत होई ती तापाने. पश्चिम भागाची हवा पावसाळ्यानंतर अत्यंत रोगट असल्याचे १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये नमूद आहे. चैत्रात पाहून गेलेल्या माणसाला आश्विनातला हिवताप ठाऊक नसे. म्हणून जाणती माणसे गावातील मुलांकडे पाहत. पोट पुढे आलेले, पानथरी वाढलेली, चेहरा पिवळा, अशी पोरे दिसली की मुकाट्याने माघारी फिरत. काही जण एक हंगाम उपरी म्हणून जमीन कसून पाहत. बायकामुले मूळ गावीच राहत. एक दिवाळी अंगावर धड निघाली म्हणजे मग बिऱ्हाड.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या मुलखाची दशा फारच वाईट झाली. होळकरी फौजांची धामधूम, पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी खानदेश-बागलाणचा कणा मोडला. १८१८ च्या जुलैत मुल्हेर इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा गावेच्या गावे बेचिराग होती. १८२२ साली मे ते जुलै या तीन महिन्यांत खानदेशात वाघांनी ५०० माणसे व २०,००० गुरे मारल्याची नोंद आहे. नांगराची जागा रानाने घेतली म्हणजे काय होते ते या आकड्यांवरून दिसते. कॅप्टन ब्रिग्ज या पहिल्या अधिकाऱ्याने पुन्हा तगाई व सवलतीचे पट्टे यांचाच मार्ग धरला. राज्य बदलले, कौलाची रीत तीच राहिली.

पुढे पडीत जमीन लागवडीखाली आली, सर्वेक्षण झाले, १८६९ साली नाशिक जिल्हा स्थापन होऊन हा भाग खानदेशातून त्यात आला. १९११ साली गिरणेवर चणकापूरचे धरण झाले. त्याच्या पाण्याचा लाभ खाली बागलाण-मालेगावपर्यंत पोहोचला आणि शिवार पाहण्याची दृष्टीच बदलली. आता पाहुणा उंबराच्या झाडाऐवजी पाटाचा नकाशा विचारू लागला. महाराष्ट्रात अन्यत्रही हेच घडत होते. सासवडचे माळी बागायतदार नीरेच्या, पुढे गोदावरीच्या कालव्यांवर जमिनी पाहत, खंडाने घेत गेले आणि १९३२ साली त्यांनी अकलूजजवळ माळीनगरला साखर कारखान्याची कंपनी काढली.

या साऱ्या इतिहासाची एक बाजू मात्र स्मरणिकांतून सहसा येत नाही. पाहायला येणाऱ्याला जे शिवार रिकामे दिसले, ते रिकामे होतेच असे नाही. सरकारी कागदात ‘पडीत’ म्हटलेल्या माळावर कोणाची गुरे चरत होती. ‘जंगल’ म्हणून आखलेल्या उतारावर कोणी राब जाळून नागली पेरीत होते. वाघदेवाचा लाकडी खांब शिवेवर उभा होता, पण त्याची सनद नव्हती. वनखात्याच्या हद्दी पडल्या आणि सावकाराची वही आली, तसतशी डांगातील माणसाच्या हातची जमीन सुटत गेली. १९३० साली चणकापूरला जंगल सत्याग्रह झाला, त्यामागे हा साचलेला असंतोष होता. आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७४ चा; १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील व्यवहारांना तो लागू झाला. त्याआधी गेलेल्या जमिनींचा हिशेब राहून गेला. वनहक्कांचा कायदा यायला २००६ साल उजाडावे लागले.

तरीही जुन्या-नव्यांचे संबंध केवळ तंट्याचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. नवे कुणबी आले, त्यांनी वेशीवर मारुती बसविला. पण शिवेवरच्या वाघदेवाला नारळ देण्याचे सोडले नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचे भक्त घरोघर फिरू लागले की त्यांच्या सुपात धान्य घालणाऱ्यांत पुढून आलेली घरेही असतात. जमिनीचा मूळ मालक देव असून तो आपल्या अगोदरचा आहे, ही जाणीव त्या रीतीत दिसते.

१९९९ साली पूर्वेकडील गावे वेगळी होऊन देवळा तालुका झाला आणि कळवणमध्ये आदिवासी वस्तीचे प्रमाण अधिकच ठळक झाले. आज कळवणचा कांदा व द्राक्षे दूरवर जातात. दुसरीकडे पश्चिमेच्या पाड्यांतील आणि सुरगाणा-पेठकडील माणसे द्राक्षछाटणीच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, टेम्पो पहाटे पाड्यावर येतो. कोणत्या गावी, कोणाच्या मळ्यात आणि राहायला झोपडी की गोठ्याची कड, हे उतरल्यावर कळते. पुष्कळ जण शिमग्याला परततात. काही कुटुंबे मात्र मळ्याच्या बांधावरच दोन-तीन हंगाम काढतात. मूल तेथील शाळेत जाऊ लागते, रेशनकार्ड पाड्यावरच असते, आणि चैत्रात एखादा दिवस सवड काढून घरातला कर्ता माणूस आसपासच्या विहिरींना किती पाणी आहे ते पाहून येतो.