रुपयाला एक आणा

परळच्या एका गिरणीच्या टाइम ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली, त्यातली बरीचशी फंडाच्या लेजरवर. पगाराच्या दिवशी खिडकीपाशी कुणीतरी हमखास रेंगाळायचं. "भाऊ, गणपतीला गावी जायचंय. एवढ्या महिन्याचा फंड कापू नका ना." माणूस विणाईच्या साचेखात्यातला असो की कताईच्या त्रासनातला, मागणी तीच आणि माझं उत्तरही तेच. फंड थांबत नाही.

हा सक्तीचा प्रॉव्हिडंट फंड आला १९५१ च्या नोव्हेंबरातल्या वटहुकुमातून. पुढच्या मार्चमध्ये त्याचा कायदा झाला आणि १ नोव्हेंबर १९५२ पासून वर्गणी कापायला लागली. सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड, एवढेच सहा उद्योग, तेही ५० किंवा अधिक माणसांचे कारखाने. त्याआधी फंड म्हणजे मालकाची मर्जी. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये टाटांनी १८८६ मध्येच पेन्शन फंड काढला होता, पण सगळेच मालक टाटा नव्हते.

दर होता सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयाला एक आणा, मालकाचाही तेवढाच. आमचे जुने हेडक्लार्क सांगायचे, तेव्हा हिशेब तोंडी व्हायचा. महागाई भत्ता धरून पगार ८० रुपये, फंड ५ रुपये, पुढचा! १९५७ मध्ये नवे पैसे आले आणि आणा गेला. दर पुढे आठ झाला, दहा झाला, १९९७ मध्ये बारावर आला.

वाढवायला मुभा होती. स्वतःच्या हिश्श्यात जादा कापून घ्या, मालक मात्र ठरल्या दराच्या वर पैसाही घालणार नाही. कमी करायचं, महिनाभर बंद ठेवायचं कलमच नव्हतं. बदलीवाल्याचं, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी येणाऱ्याचं, दुखणं उलटं. सलग वर्षभर नोकरी किंवा बारा महिन्यांत २४० दिवस भरल्याशिवाय त्याला फंडात घेतच नसत. परमनंटला फंड नको असायचा, बदलीवाल्याला तो मिळायचा नाही.

माझा मेहुणा केंद्र सरकारच्या कचेरीत. त्याचा जीपीएफ, म्हणजे सरकारी नोकरांचा जनरल प्रॉव्हिडंट फंड, १९६० च्या नियमांचा, आणि त्या नियमांत काय लाड! किमान सहा टक्के भरा. वर्षातून दोनदा वाढवा, एकदा कमी करा. अर्ध्या पगाराच्या रजेवर असाल तर भरायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. निवृत्तीआधीचे तीन महिने तर कपातच बंद. दिवाळीला जेवताना तो हे सांगायचा आणि मी मुकाट्याने वाढून घ्यायचो. सरकार स्वतःच्या कारकुनाला समजूतदार मानतं आणि गिरणीवाल्याला उधळ्या, असं माझं तेव्हाही मत होतं. पण साठीला आलेल्या कामगाराच्या हातात फंडाशिवाय दुसरं काहीच नसायचं, हेही मीच पाहत होतो.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. पगार नाही म्हणून कपात नाही. जे कुठल्याही अर्जाने झालं नसतं ते झालं, लेजरचे रकाने कोरे राहिले. आता लोक येऊ लागले ते जमा फंडातून उचल मागायला. आमच्या फंडाच्या नियमांत एक कलम होतं, ६८-एच. कारखाना बंद पडला किंवा दोन महिने पगार मिळाला नाही तर पैसे काढता येतात. मात्र पगार संपामुळे थांबला असेल तर नाही. ते मला खिडकीतून वाचून दाखवावं लागायचं. उरली मुख्य कारणं: घर, आजारपण, लग्न. त्या वर्षी आमच्या गिरणीत मुलींची लग्नं जरा जास्तच निघाली. अर्जावर सही-शिक्का मारताना मी मुहूर्त विचारला नाही.

कपात बहुतेकांची सैल झाली ती थेट २०२० मध्ये. कोरोनात मे, जून, जुलै असे तीन महिने बाराचे दहा टक्के झाले. हातात पैसे वाढले म्हणून मुलगा खूश होता. मालकाचा हिस्साही दहावर आलाय, हे मी त्याला पगाराच्या स्लिपवर बोट ठेवून दाखवलं.