मोहाची दारू आणि तिची ताकद मोजणारे सरकार

सातपुड्यात समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर वसलेल्या तोरणमाळच्या परिसरात फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले गळतात. ती वेचून वाळवली जातात आणि त्यांतील काही मडक्यात भिजत पडतात. भिल्ल आणि पावरा समाजांत जन्म, लग्न, मृत्यू आणि देवपूजा यांपैकी काहीही या द्रवाच्या धारेवाचून पुरे होत नसे. हीच धार एकोणिसाव्या शतकात गुन्हा ठरली, आणि त्यामागे नीतीइतकेच द्रावणाचे गणित होते.

आधी मडक्यात काय घडते ते पाहू. फुलांतील साखर पाण्यात उतरते आणि यीस्ट हा सूक्ष्मजीव तिचे विघटन करतो. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून, सगळे नीट पार पडले तर, ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. मडक्यावरचा फेस या वायूचाच. पण यीस्ट स्वतःच तयार केलेल्या अल्कोहोलमध्ये फार काळ तग धरत नाही. त्याचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले की बहुतेक यीस्ट थंडावते. त्यापुढे द्रव तीव्र करायचा तर भट्टीच लागते. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशांना (तोरणमाळच्या उंचीवर सुमारे ९६ अंशांनाच). म्हणून आधी निघणाऱ्या वाफेत अल्कोहोल अधिक असते. पहिली धार कडक आणि शेवटची पाणचट, हे भट्टी लावणाऱ्या प्रत्येकाला जिभेने ठाऊक होते.

सरकारला मात्र जीभ चालत नाही, आकडा लागतो. कर दारूच्या मापावर लावला तर कडक दारू आणून नंतर पाणी घालणारा विक्रेता फायद्यात राहतो. म्हणून कर अल्कोहोलच्या प्रमाणावर हवा. इंग्लंडमध्ये ही अडचण जुनीच होती. दारूने भिजवलेली बंदुकीची दारू पेटते का, हे पाहून ताकद ठरवत असत, असे सांगतात. (एकाच शब्दाच्या दोन अर्थांची अशी गाठ मराठीतच पडावी!) १८१६च्या कायद्याने तिथे साइक्सच्या हायड्रोमीटरला मान्यता मिळाली. अल्कोहोल पाण्याहून हलके असल्याने दारू जितकी कडक, तितके हे उपकरण तिच्यात खोल बुडते. पण साधी बेरीज-वजाबाकी इथे पुरत नाही. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर अल्कोहोल मिसळले, तर १०० नव्हे, सुमारे ९६-९७ मिलिलिटरच भरते. दोन्हींचे रेणू एकमेकांना अधिक जवळ ओढतात. शिवाय तापमानानुसार घनता बदलते. म्हणून उपकरणासोबत कोष्टकांचे जाड पुस्तक बाळगावे लागे.

हेच माप मुंबई इलाख्यात आले. १८७८च्या आबकारी कायद्यानंतर, चार्ल्स प्रिचर्ड यांच्या कारकिर्दीत, दारू परवानाधारक मोठ्या भट्ट्यांत गाळावी आणि ठरलेल्या ताकदीने विकावी, अशी व्यवस्था घडत गेली. प्रचलित ताकदी दोन होत्या: '२५ अंडर प्रूफ' आणि '६० अंडर प्रूफ'. ब्रिटिश प्रूफ म्हणजे आकारमानाने सुमारे ५७ टक्के अल्कोहोल. त्याच्या २५ टक्के खाली म्हणजे सुमारे ४३ टक्के, ६० टक्के खाली म्हणजे सुमारे २३ टक्के. मक्तेदाराच्या दुकानातला आदिवासी ग्राहक यांतील नेमके काय विकत घेत होता, हे तपासण्याचे साधन त्याच्या हाती नव्हते.

खरा पेच घरच्या मडक्याचा होता. हजारो पाड्यांवरील हजारो मडक्यांत हायड्रोमीटर बुडवणे अशक्य. ज्याची तीव्रता मोजता येत नाही त्यावर कर बसत नाही, आणि म्हणून ते मडकेच बेकायदा ठरले. कायद्यामागे दारूबंदीचा ध्येयवाद होता असे मानण्याला फारसा आधार नाही. दुकाने तर सरकारच्याच परवान्याने चालत होती.

आदिवासींनी दिलेले उत्तर अनपेक्षित होते. १९२२च्या अखेरीस 'देवी' अंगात येऊन दारू सोडण्याची आज्ञा देऊ लागली. किनाऱ्याकडून निघालेली ही लाट दक्षिण गुजरातमार्गे खानदेशच्या पश्चिम भागातही पोहोचली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. दारू सोडणे म्हणजे विक्रेत्याची उधारी आणि वेठ नाकारणे, आणि त्याच झटक्यात सरकारचा महसूलही आटवणे. पुढे १९३०च्या दशकात तळोदा परिसरात गुलाम महाराजांच्या चळवळीनेही दारूत्यागाचा आग्रह धरला.

मात्र मोहाची धार देवासाठी राहिलीच. सातपुड्याची कुलस्वामिनी देवमोगरा माता, याहामोगी, हिच्या यात्रेत ती आजही वाहिली जाते. स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला, आणि घरचे मडके कायद्याच्या बाहेरच राहिले. गावठी दारूच्या अड्ड्यांवरील छाप्यांच्या बातम्यांत आजही फेसाळलेल्या त्या द्रवाला एकच शब्द असतो: 'रसायन'. इतके लिटर कच्चे रसायन जागीच नष्ट केले, असे त्यांत छापलेले असते.