टक्के आणि पर्सेंटाइल : एका आकड्याची कहाणी

काही वर्षांपूर्वीची जूनमधली गोष्ट. पनवेलला आमच्या शेजारच्या वहिनी पेढे घेऊन आल्या. मुलीचा सीईटीचा निकाल लागला होता. "सर, बारावीला एकाहत्तर टक्के आणि सीईटीला अठ्ठ्याऐंशी! आता माटुंग्याच्या व्हीजेटीआयला मिळेल ना?" पसंतीक्रमाच्या अर्जात तीनच नामवंत कॉलेजे लिहायचे घरी ठरलेही होते. मी निकालपत्र पाहिले. त्यावर टक्के नव्हतेच, पर्सेंटाइल होते.

हे दोन आकडे दिसतात सारखे, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. 'पेपरातले किती आले?' याचे उत्तर टक्के देतात. 'बरोबरीच्यांत मी कुठे?' याचे उत्तर पर्सेंटाइल देते.

या दुसऱ्या प्रश्नाची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. १८८४ साली लंडनच्या एका प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टन यांनी हजारो लोकांची उंची, मुठीची ताकद, दृष्टी मोजली. इंच आणि पौंड यांची तुलना कशी करायची? त्यांनी माणसे क्रमाने लावली आणि रांगेतली जागा शंभराच्या मापात सांगितली. पर्सेंटाइल हा शब्द त्यांनी १८८५ च्या सुमारास रूढ केला. (याच गाल्टननी सुप्रजननशास्त्राचा पुरस्कार करून माणसांत उच्चनीच ठरवण्याचा घातक मार्गही दाखवला, हे विसरू नये.) पुढे १८८८ मध्ये एजवर्थ या संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की परीक्षेतले गुण म्हणजे एक मोजमाप आणि प्रत्येक मोजमापाप्रमाणे त्यातही चूक असते. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे गेली तर गुण बदलतात.

आपल्याकडे हा प्रश्न ऐरणीवर आला तो प्रवेशाच्या रांगेत. एसएससी, सीबीएसई, आयसीएसई या मंडळांचे गुण एकाच यादीत कसे बसवायचे? २००८ मध्ये राज्य शासनाने अकरावीसाठी पर्सेंटाइलचे सूत्र आणले. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २००९ मध्ये नव्वद टक्के जागा एसएससीच्या मुलांना देण्याचा निर्णयही टिकला नाही. २०१० चे 'बेस्ट ऑफ फाइव्ह' उच्च न्यायालयाने नाकारले, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मोजपट्टी कोणती, हा गणिताचा प्रश्न असतो तसाच न्यायाचाही असतो, हे त्या तीन वर्षांत महाराष्ट्राने अनुभवले.

अभियांत्रिकीच्या सीईटीत पर्सेंटाइल आले ते २०१९ मध्ये. तोवर सगळे एकाच दिवशी कागदावर एकच पेपर सोडवत. परीक्षा संगणकावर गेली आणि लाखो मुले अनेक दिवसांत, अनेक सत्रांत विभागली गेली. प्रत्येक सत्राचा पेपर निराळा, म्हणजे काठिण्यही थोडे निराळे. २०० पैकी १२० गुण सोप्या सत्रात आणि अवघड सत्रात सारखे कसे मानणार?

म्हणून सूत्र असे : आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे किती, ते मोजा, सत्रातल्या एकूण परीक्षार्थींनी भागा, शंभराने गुणा. समजा, दोन्ही सत्रांत दहा दहा हजार मुले बसली. अवघड सत्रात १२० किंवा कमी गुणांची मुले ९६०० असतील, तर १२० गुणांचे पर्सेंटाइल ९६. सोप्या सत्रात अशी मुले ९३०० असतील, तर ९३. म्हणूनच प्रत्येक सत्रात पहिल्या आलेल्याला १०० मिळतात, त्याचे काही प्रश्न चुकले असले तरी! आणखी एक : एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढतात. तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढली तर ते येत नाही.

या सूत्राच्या पोटात एक गृहीतक आहे : सगळ्या सत्रांतली मुले सरासरीने सारख्याच तयारीची आहेत. सत्रे चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली आणि संख्या मोठी असली, तर ते बरेचसे खरे ठरते. तंतोतंत कधीच नाही. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेने १९४१ पासून दुसरी वाट धरली. जुन्या पेपरांतले काही प्रश्न नव्या पेपरांत घालून पेपरांचे काठिण्यच ताडून पाहायचे. मेहनत जास्त, पण मुलांच्या गटाबद्दल गृहीत कमी.

वहिनींना मी एवढेच विचारले, "समजा तीन लाख मुले बसली. अठ्ठ्याऐंशी पर्सेंटाइल म्हणजे साधारण बारा टक्के मुले पुढे. किती झाली?" मुलीनेच हिशेब केला : छत्तीस हजार. क्षणभर कोणी बोलले नाही. मग मी म्हटले, "आणि मागे दोन लाखांहून जास्त आहेत, तेही बघ." त्या संध्याकाळी अर्जात बारा नावे लिहिली गेली. त्यांत नवीन पनवेलचेही कॉलेज होते.

हा हिशेब नववीच्या वर्गातही करता येतो. पंचवीस मुलांच्या चाचणीचे गुण, नावे न लिहिता, फळ्यावर उतरत्या क्रमाने मांडा. अठरा किंवा कमी गुणांची मुले वीस असतील, तर अठरा गुणांचे पर्सेंटाइल ८०. मग सर्वांना दोन दोन गुण वाढवून द्या आणि विचारा : आता कोणाचे पर्सेंटाइल बदलले? उत्तर मुलांनाच शोधू द्या. अर्ज भरायची वेळ येईल तेव्हा ते त्यांच्या कामी येईल.