नंदुरबारचे वाणी, सह्याद्रीतला नरक्या

राळेगणसिद्धीच्या एका होळीत गोवऱ्या-लाकडांबरोबर वेगळाच ऐवज जळाला. तरुण मंडळाने गावात होता नव्हता तेवढा तंबाखू, विड्या आणि सिगारेटी गोळा केल्या आणि होळीत टाकल्या. अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून गावी परतले होते, गावातल्या यादवबाबांच्या देवळाचं काम झालं होतं आणि दारूच्या भट्ट्या थंडावल्या होत्या. दारूनंतर पाळी आली ती तंबाखूची. गावातल्या दुकानांमधून विडी-तंबाखूची विक्री बंद झाली. याच जिल्ह्यात, नगर शहरात, पद्मशाली समाजातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या घरी बसून विड्या वळल्या आणि हजारी हिशेबाने मजुरी घेतली. एकाच जिल्ह्यात विडीची होळीही झाली आणि विडीवर चूलही पेटली.

तंबाखू अनेक तऱ्हेचे कर्करोग देतो. पण फुफ्फुसाचा एक कर्करोग असा आहे, की त्याच्या रुग्णांमध्ये आयुष्यात कधीच धूर न ओढलेला माणूस विरळा. डॉक्टर त्याला ‘स्मॉल सेल’ म्हणतात, म्हणजे लहान पेशींचा. फुफ्फुसाच्या दर शंभर कर्करोगांत तेरा ते पंधरा या जातीचे निघतात. जुने डॉक्टर मात्र त्याला ‘ओट सेल’ म्हणायचे, आणि त्या नावापासूनच त्याचं कूळ शोधायला हवं.

ओट नगर जिल्ह्याला परका नाही. शहरी न्याहारीच्या वाडग्यात येण्याआधी तो इथे गाईंच्या गव्हाणीत आला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले हरिता’ नावाचा चाऱ्याचा वाणही काढला. त्याच्या लांबट दाण्यासारख्या पेशी छातीच्या मधोमध वाढलेल्या गाठींत दिसत. डॉक्टर त्या गाठींना लसिकाग्रंथींचा सार्कोमा समजत. जर्मनीत श्नेबेर्गच्या खाणकामगारांच्या छातीतला जीवघेणा रोग १८७९ साली हेर्टिंग आणि हेस या डॉक्टरांनी नोंदवला, तेव्हा त्यांनीही त्याला लसिकाग्रंथींचाच रोग मानलं. (यातला हेस म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवायला अगर वापरणारा वॉल्थर हेस. ती युक्ती त्याची बायको फॅनी हिची.) १९२६ साली बर्नार्ड या इंग्रज विकृतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की या ओटच्या दाण्यांचं मूळ फुफ्फुसातच आहे. गंमत अशी, की तो दाण्यासारखा आकारही पुष्कळदा तुकडा काढताना आणि टिकवताना पेशींची दशा होऊन आलेला असतो, हे नंतर उमगलं. नाव मागे पडलं, रोग राहिला.

हा रोग शस्त्रक्रियेला दाद देत नाही, हे शल्यविशारदांना पचायला वेळ लागला. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १४४ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला किरणोपचार. दहा वर्षांनी, १९७३ साली हिशेब मांडला, तेव्हा किरणोपचाराचं पारडं थोडं जड निघालं, पण दोन्हीकडे जगलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. कारण सरळ होतं. छातीत गाठ दिसेपर्यंत पेशी यकृतात, हाडांत, मेंदूत जाऊन बसलेल्या असत. आजही बहुतेक रुग्ण याच अवस्थेत डॉक्टरांपुढे येतात. म्हणून इतर कर्करोगांसारख्या चार पायऱ्या मोजण्याआधी इथे डॉक्टर एकच विचारतात: सगळा रोग किरणांच्या एका चौकटीत मावतो का? मावला तर ‘लिमिटेड’, नाहीतर ‘एक्स्टेन्सिव्ह’. ही विभागणी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी पाडली. त्याच रुग्णालयांनी १९६९ साली दाखवलं, की सायक्लोफॉस्फमाइड हे औषध दिलं तर रुग्ण अधिक जगतो. सायक्लोफॉस्फमाइड हे युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळातलं.

पुढे सिस्प्लाटिन आणि इटोपोसाइड ही जोडी आली. पहिलं प्लॅटिनमचं, दुसरं मेअॅपल या रानटी वनस्पतीच्या रसायनावरून बेतलेलं. त्याची हिमालयातली बहीण ‘बनककडी’. ही जोडी अजून कायम आहे. रोग चौकटीत मावत असेल तर तिच्याबरोबर किरण देतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसातून दोनदा किरण दिलेल्यांपैकी २६ टक्के रुग्ण पाच वर्षं जगले, एकदा दिलेल्यांपैकी १६ टक्के.

पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांना चमत्कार वाटावा अशी गाठ विरघळते. खोकला थांबतो, सुजलेला चेहरा उतरतो. मग काही महिन्यांत रोग परततो, आणि या वेळी आधीच्या औषधांना जुमानत नाही. या परतलेल्या रोगासाठी दोन दशकांहून अधिक काळ डॉक्टरांच्या हाताशी मुख्यतः एक औषध होतं, टोपोटेकान. त्याची कुळकथा थेट नंदुरबारपर्यंत पोहोचते.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला, तेव्हाच्या पश्चिम खान्देशात. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले आणि १९६२ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या हाताखाली रुजू झाले. वॉल यांना आधी कर्करोगाशी काही देणंघेणं नव्हतं. कॉर्टिझोन बनवायला कच्चा माल मिळावा म्हणून ते झाडांचे अर्क काढत होते. त्यातले हजारभर अर्क कर्करोगावर तपासायला पाठवले, तेव्हा ‘कॅम्प्टोथेका’ या चिनी झाडाचा अर्क उंदरांमधल्या कर्करोगावर चालला. चिनी लोक त्याला आनंदाचं झाड म्हणतात. वॉल आणि वाणी यांनी त्यातलं नेमकं रसायन वेगळं काढून १९६६ साली त्याची रचना मांडली: कॅम्प्टोथेसिन. पाच वर्षांनी याच दोघांनी टॅक्सॉल हे कर्करोगावरचं दुसरं औषध जगापुढे आणलं. एका माणसाच्या नावावर अशी दोन औषधघराणी, आणि महाराष्ट्रात त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

चिनी झाड दूर होतं, पण रसायनाने आपलं दुसरं घर सह्याद्रीत केलं होतं. १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना कॅम्प्टोथेसिन सापडलं ते इथल्याच एका लहानशा झाडात. कोयना, महाबळेश्वर, आंबोलीकडची माणसं त्याला नरक्या म्हणतात. पावसाळ्यात त्याला बारीक फुलं येतात आणि असा दर्प सुटतो, की दुसरं नाव सुचू नये. घाणेरा हेही त्याचंच नाव, आणि अमृता हेही! औषधाला मागणी आली तशी या झाडावर कुऱ्हाड पडली. परदेशी कारखान्यांसाठी नरक्याची लाकडं चोरून तोडली जाऊ लागली आणि वनखात्याला ती पकडत फिरावं लागलं.

खुद्द औषध मात्र मध्ये वाया जाण्याच्या बेतात होतं. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याचा क्षार करून शिरेतून दिला, तर मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं आणि गुण जवळपास नाहीसा झाला. सत्तरच्या दशकात चाचण्या गुंडाळल्या. १९८५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लेरॉय लिऊ आणि सहकाऱ्यांना या रसायनाचा नेम कळला. चऱ्हाट उलगडायला गेलं की पुढे पीळ साचतो; डीएनएचंही तसंच. एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचा एक पदर कापतं, पीळ सोडतं आणि पदर पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन कापल्यावर जोडू देत नाही. सारखी विभागणारी पेशी या तुटलेल्या पदरापाशी येऊन मरते. आणि स्मॉल सेलची पेशी तर फारच घाईने वाढते.

नेम कळल्यावर रसायनज्ञांनी ते पाण्यात विरघळेल असं घडवलं. एक झालं टोपोटेकान. अमेरिकेत १९९८ साली त्याला परतलेल्या स्मॉल सेलसाठी परवानगी मिळाली. दुसरं इरिनोटेकान, जपानच्या याकुल्त कंपनीचं. होय, छोट्या बाटलीतलं ते आंबूस पेय विकणारी तीच. जपानी चाचणीत सिस्प्लाटिनबरोबर इरिनोटेकान दिलेल्यांचं मध्यम आयुष्य १२.८ महिने निघालं, जुन्या जोडीवर ९.४ महिने. अमेरिकेत तोच प्रयोग केला तर फरक दिसला नाही.

पुढची पावलं महिन्यांच्या मापाने पडली. २०१९ साली पहिल्याच फेरीत अॅटिझोलिझुमॅब जोडायला परवानगी मिळाली. हे औषध शरीराच्याच संरक्षक पेशींचा लगाम सैल करतं. चाचणीत मध्यम आयुष्य १०.३ महिन्यांवरून १२.३ वर गेलं. २०२४ साली टार्लाटामॅब आलं, रोगाच्या पेशीला संरक्षक पेशीशी बांधून देणारं. सुरुवातीचे डोस देताना रुग्णाला देखरेखीखाली ठेवावं लागतं, कारण शरीराचा स्वतःचाच भडका उडू शकतो.

मनसुख वाणी एप्रिल २०२० मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. त्यानंतर दोनच महिन्यांनी टोपोटेकानला पर्याय मिळाला: लुर्बिनेक्टेडिन. त्याचा मूळ नमुना झाडात सापडला नव्हता. समुद्रात खडकांना, मुळांना चिकटून राहणाऱ्या एका थुलथुलीत जीवात सापडला होता.