बहात्तरची खडी



मागच्या बैठकीत कुणाचंच लक्ष हिशेबात नव्हतं. पावसानं ओढ दिलेली, पेरलेलं बी वाया गेलेलं, हप्ता तोंडावर. "औंदा काही खरं नाही," एक जण बोलली. तेव्हा आमच्यातल्या आजींनी हात पुढे केला. अंगठ्याच्या पेरावर जुना वण आहे. "ही बहात्तरची खडी," त्या म्हणाल्या. मग वही मिटली, आणि आम्ही बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट ऐकत बसलो.

आधीची दोन वर्षं पाऊस कमीच झाला होता. 1972 साली उभी पिकं करपली. आजी म्हणतात, विहिरीत थोडंफार पाणी होतं, पण कणगीत दाणा नव्हता. आज आपलं उलटं झालंय! रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची, आणि तीही पोटभर नसे.

सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती, आणि त्यांत बाया फार मोठ्या संख्येनं. ज्या घरची बाई कधी दुसऱ्याच्या बांधावर गेली नव्हती, तीही चुंबळ ठेवून घमेलं उचलायला आली. कामावर सुकडी वाटत. आजी आपल्या वाटची पदरात बांधून पोरांसाठी घरी न्यायच्या.

एवढंच असतं तर ती नुसती हालाची गोष्ट झाली असती. आम्हाला धीर आला तो पुढचं ऐकून. कामावर एकत्र आलेल्या बाया-माणसांनी मजुरीसाठी, नव्या कामासाठी मोर्चे काढले, कचेरीपुढे बसले. तिकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर बाया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या.

वि. स. पागे यांनी आधीच एक विचार मांडला होता, आणि 1965 साली तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोगही झाला होता. जो काम मागेल त्याला सरकारनं काम द्यावं, असा तो विचार. दुष्काळानं तो सगळ्यांना पटवला. 1977 साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला, आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत मिळालं पाहिजे, नाही तर बेकारी भत्ता. पैसा उभा करायला शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पगारदारांच्या पैशातून खेड्यातल्या बाईची मजुरी निघाली.

सगळं सरळ झालं असं नाही. हजेरीपटावर खोटी नावं चढली, मजुरी महिनोन्‌महिने रखडली. पण काम मागणं ही भीक राहिली नाही. 2005 साली संसदेनं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता.

आम्ही आजींना विचारलं, तेव्हा वाटलं होतं का असा कायदा होईल? त्या हसल्या. "कायदा कुठला गं! संध्याकाळी चूल पेटंल का, एवढंच डोक्यात."

त्यांनी माती वाहिलेला पाझर तलाव अजून आहे. गाळानं भरलाय. येत्या सोमवारी ग्रामपंचायतीत गाळ काढण्याच्या कामाची मागणी लेखी द्यायचं ठरलंय. अर्जावर पहिला अंगठा आजींचा.